‘आ’ची फाइल

महाड, १२ जानेवारी २०२६

सौ. दर्शना हिस,

पत्र बघून तू कपाळावर हात मारशील. महाडला सकाळच्या एसटीत बसलेला माणूस कापड्याला तुझ्या माहेरी दुसऱ्या चहाला पोचतो, आणि हा बाबा पत्रं लिहितोय! पण तू माझा नंबर ब्लॉक केलायस. सेजलला पुण्याला फोन केला तर ती म्हणते, "बाबा, तुमचं तुम्ही बघा." राहिला तुझा भाऊ भागोजी. त्याच्या पिशवीत सासूबाईंच्या औषधांच्या शेजारी हे पाकीट बसेल असं धरून चाललोय.

भागोजी काल येऊन गेला. ओटीवरच टेकला. पाणी पुढं केलं तर "नको भावोजी, गाडी चुकंल" म्हणाला, आणि गाडीला चांगला अवकाश होता. मग म्हणाला, "आयेला सवच्या कुंडावर नेऊन गरम पाण्यात बसवली. पाय हलवते हाय आता. पण जीभ उठत नाय. दिवाळीपासनं एक शब्द नाय. डाक्टर बोलला, तिच्या बोलीत तिच्याशी बोलत ऱ्हावा, जुनं जुनं कानावर पडू द्या. तर ताईला तिची ती शब्दांची फाइल पायजे हाय. आयेनं सांगितलेली. ती तिला वाचून दाखवणार हाय."

फाइल म्हणजे लग्नपत्रिका आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करता करता मधल्या वेळात तू जे बडवत बसायचीस ते, एवढं मला ठाऊक आहे. सासूबाईंच्या तोंडचे शब्द. मी म्हटलं, हात्तिच्या, आजच काढून देतो.

तर कॉम्प्युटर चालू होईना. तू शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर काढलं, बटण दाबलं, आणि नुसत्या शिट्ट्या. बाजारपेठेतल्या साहिलला फोन लावला. नाते गावच्या शाळेत माझ्या हाताखालून गेलेला, आता दुकान टाकून बसलाय. म्हणाला, "सर, रॅमची पट्टी काढा, तिचे पिवळे दात खोडरबरनं घासा." खोडरबर म्हणजे आपलं जन्माचं हत्यार! घासलं, बसवलं, शिट्ट्या बंद. मी एकटाच हसलो. दाद द्यायला घरात कोणी नव्हतं.

मग काळ्या पडद्यावर इंग्रजीत सूचना आली की डिस्क तपासायला हवी. म्हटलं तपास बाबा. तपासणी थोडी पुढं गेली आणि रुतली, आतून सुपारी कातरल्यासारखा आवाज. साहिल म्हणाला, "सर, बंद करा. डिस्क मरायला टेकली हाय, जास्त फिरवू नका, तशीच काढून माझ्याकडे आणा." पण अर्धवट तपासलेला पेपर मी कधी ठेवलेला नाही. मी पुन्हा तपासणी लावली. आज सकाळी परत एकदा लावली. सोडतो की काय तिला!

काळजी करू नकोस. आणि गेल्या फेब्रुवारीतल्या त्या गोष्टीचा राग अजून धरून असलीस तर सोडून दे. गंमत होती ती.

अनिल

महाड, २४ जानेवारी

दर्शना,

वाईट बातमी आहे, सरळ सांगतो. डिस्क गेली. साहिलच्या दुकानात त्याच्या मशिनला जोडून पाहिली, केबल बदलून पाहिली, उलटी ठेवून पाहिली. आवाज वाढत गेला आणि शेवटी फिरायचीच थांबली. जुनं यंत्र, पुरातून वाचलेलं, कधीतरी जायचंच होतं. यात कुणाचा दोष नाही.

तुझ्या फायली जाण्याआधी बघायला मिळाल्या, पण त्या आधीच बिघडल्या होत्या. पुराव्यादाखल एक पान सोबत जोडलंय. साहिलच म्हणाला, "सर, एक प्रिंट काढून देतो, मॅडमना दाखवा, नायतर म्हणतील मी उडवलं." बघ तूच. उलटे स्वल्पविराम, डॉलर, टोपी घातलेला ए, मध्येच आकडे. एक अक्षर मराठी नाही. मी मराठी शिकवत जन्म काढला, पण याला अर्थ लावणं ब्रह्मदेवाच्या बापाला जमणार नाही.

तू मनाला लावून घेऊ नकोस. सासूबाईंना सेजलच्या लहानपणच्या गोष्टी सांग, त्याही जुन्याच आहेत की.

तुझी शबनम पिशवी इथंच राहिलीय. पाठवू का?

अनिल

महाड, २ फेब्रुवारी

दर्शना,

काल भागोजीनं तेच पान परत आणून हातावर ठेवलं. मागच्या बाजूला तुझं अक्षर. मी ते एवढ्या वेळा वाचलंय की घडीवर कागद फाटायला आलाय. तरी इथं उतरवतो, कारण या पत्रात मला कुठूनही पळवाट नको.

"हे खराब झालेलं नाही. हा जुना मराठी फाँट आहे. नव्या विंडोजमध्ये तो नसतो म्हणून अक्षरं इंग्रजी दिसतात. सगळ्या डीटीपीवाल्यांना हे माहीत असतं. फाँटची सीडी देवघराच्या खालच्या कप्प्यात, कापराच्या डब्याखाली. डिस्क गेली असली तरी ज्या फायली तुम्ही उघडून पाहिल्यात त्या साहिलनं उतरवून घेतल्या असतील. पेनड्राइव्हवर घालून भागोजीकडे द्या. आयेला कान आहेत अजून."

उतरवून घेतल्या असतील. तुला दुसरं काही वाटणंच शक्य नव्हतं. माणूस समोर दिसणारी वस्तू उचलून घेतोच.

मागच्या पत्रात मी लिहिलं की डिस्क गेली. ते खरं आहे. पण ती थांबण्याआधी काय झालं ते मी गिळून टाकलं. आता सांगतो.

साहिलनं डिस्क जोडली तेव्हा ती चालत होती. रडतखडत, पण चालत होती. दोन फोल्डर दिसले. एकाचं नाव ‘सर’, एकाचं ‘कापडे’. साहिल म्हणाला, "सर, हिचा भरवसा नाय. एका वेळी एक फोल्डर उतरतो. आधी कुठला घेऊ?" मी म्हटलं, कापडे. खरंच म्हटलं गं. त्यानं त्यातली पहिली फाइल आपल्या मशिनवर घेतली, उघडली, आणि ती सगळी गिचमीड पडद्यावर आली. तो म्हणाला, "करप्ट हाय सर." मी चष्मा पुसला, परत बघितलं आणि म्हटलं, "कचरा आहे हा. सोड. माझा घे."

हे माझे शब्द. कचरा आहे हा, सोड.

त्यानं माझा फोल्डर उतरवला. माझ्या सहलीचे फोटो, जुन्या चाचण्यांचे पेपर, आणि भाषणं. दरवर्षी मराठी भाषा दिनाला तालुक्यात जे भाषण ठोकतो ना, ‘आपली बोली, आपला ठेवा’, ते सुद्धा सुखरूप उतरलं. माझं काम नव्या पद्धतीचं, कुठल्याही मशिनवर मराठीतच दिसणारं. आपला तो बाब्या! ते उतरून संपतंय तोवर डिस्कनं शेवटचा कट् केला आणि गप्प झाली. पुण्याच्या माणसाला साहिलनं फोनवरून विचारलं. तो म्हणाला, आतली तबकडी खरवडली गेलीय, मरायला टेकलेली डिस्क पुन्हा पुन्हा तपासायला लावली की असंच होतं, आता यातून काही निघणार नाही. साहिलनं माझ्याकडे बघितलं नाही, केबल गुंडाळत बसला. मी पहिल्या पत्रात तुला बढाई मारली होती, सोडतो की काय तिला. नाहीच सोडलं.

पुराच्या वेळचं आठवतं? पाणी पायरीला लागलं तेव्हा मी पुस्तकं माळ्यावर चढवत होतो आणि तू ते कॉम्प्युटरचं कॅबिनेट पोटाशी धरून वर नेत होतीस. मी खालून ओरडलो होतो, "तो डबा कशाला, आधी ग्रंथ घे!" तू ऐकलं नाहीस म्हणून ते वाचलं. पाण्यापासून तू वाचवलंस आणि मी कोरड्या दुकानात, पंख्याखाली खुर्चीवर बसून घालवलं.

मराठीचा मास्तर मी. तुझं मराठी माझ्यासमोर आलं आणि मला ते कचरा दिसलं. ‘लाज वाटणे’ हा वाक्प्रचार मी मुलांना वाक्यात उपयोग करायला द्यायचो. आता कळतंय, तो पोटात कुठं बसतो.

एकच फाइल राहिलीय. ती पहिली, प्रिंट काढायला साहिलनं स्वतःच्या मशिनवर घेतलेली. पुसायला विसरला. तुझी चिठ्ठी वाचून मी कापराच्या डब्याखालची सीडी काढली आणि चपला घालून तसाच दुकानात गेलो. साहिलनं फाँट टाकला, ती सगळी गिचमीड निवडली, फाँटचं नाव बदललं. आणि दर्शना, डोळ्यांसमोर डॉलरचा आ झाला. टोपीवाल्या एची वेलांटी झाली. स्वल्पविरामाचा काना झाला. सगळ्यात वर आलं, "आयस."

‘आ’ची फाइल होती ती. तू अक्षरवार फायली केल्या होत्यास हेही मला त्या क्षणी कळलं. म्हणजे ‘क’ची होती, ‘प’ची होती, ‘श’ची होती.

साहिल मोठ्यानं वाचायला लागला. "आयस. आई. आयेचं वाक्य: माझी आयस शेणात हात घालून मेली पन कुणाच्या दारात नाय गेली. ह्यांच्यापुढं: आई."

"आटवल. आजाऱ्याला द्यायचा मऊ भात. आयेचं वाक्य: ताप उतरला तरी दोन दीस आटवलच घाल तिला. ह्यांच्यापुढं: मऊ भात."

"आंबोण. गुरांना भिजवून द्यायचा कोंडा-भुसा. आयेचं वाक्य: आंबोण दाखवल्याबिगार म्हस पान्हवत नाय. ह्यांच्यापुढं: बोलायची वेळ येत नाही."

साहिलनं विचारलं, "सर, ‘ह्यांच्यापुढं’ म्हणजे?"

मी म्हटलं, "प्रमाण भाषेतला शब्द." आणि बाहेर येऊन कट्ट्यावर बसलो. बघ, त्या घटकेलाही खोटं बोलायचं मला सुचलं.

त्यातले ‘हे’ म्हणजे मी. प्रत्येक शब्दाला तू चौथा रकाना ठेवला होतास, आणि त्या रकान्यात मी होतो. हा शब्द, हा अर्थ, आई असं म्हणते, आणि नवऱ्यापुढं हा गिळायचा. गेल्या फेब्रुवारीत तुझ्या शब्दांबद्दल मुख्याध्यापकांनी आपुलकीनं विचारलं, तर मी सगळ्या शिक्षकांसमोर म्हणालो, "आमच्याकडे शब्दकोश तयार आहे, त्यात शुद्ध शब्द तेवढा शोधावा लागतो." लोक हसले. तूही हसलीस. मी त्याला गंमत म्हणत होतो.

‘आ’ची फाइल मोठ्या टायपात छापून सोबत पाठवतोय. तेवढीच आहे. बाकीची माझ्या हातून गेली, यंत्राच्या नव्हे. क्षमा कर असं लिहिणार होतो, पण ते लिहिण्याइतकाही माझा हक्क आज मला वाटत नाही.

अनिल

महाड, २६ फेब्रुवारी

दर्शना,

भागोजी आत्ता समोर बसलाय. आज पाणी प्यायला. त्याला थांबवून ठेवून लिहितोय, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

मी विचारलं, ताईनं वाचून दाखवलं का. म्हणाला, "दाखवलान की. रोज दाखवते हाय. आयस म्हटलान तर म्हातारी बघतेच हाय नुसती. आंबोण म्हटलान तरी तसंच. आटवल म्हटलान नि तोंड उघडलान."

"शब्द बोलल्या?"

"बोलायला उघडलान की खायाला, देव जाणे भावोजी. आवाज नाय आला. पण उघडलान, मी डोळ्यानं बघितलं."

"मग ताई काय म्हणाली?"

"उठलान नि चुलीवर आटवल ठेवलान."

मी आत जाऊन उगाच डबे हलवून आलो.

या पंधरवड्यात मी एक उद्योग केलाय. केला म्हणजे झाला. परवा अंगणात शेजारच्या काकूंनी गोवऱ्या म्हटलं आणि माझ्या डोक्यात पटकन तुझा आवाज आला, "शेणी संपल्यात." सेजलच्या बारशाला, माझ्या बहिणीसमोर. मी म्हणालो होतो, "शेणी नाही गं, गोवऱ्या." मग त्याच्या मागोमाग दुसरा आला. पहिल्या वर्षी मुख्याध्यापक घरी जेवायला होते, तू दारातून आलीस ती म्हणत, "पऱ्याला किती पाणी आलंय!" मी म्हणालो, "ओढ्याला." तू दारातच थांबलीस आणि म्हणालीस, "ओढ्याला." मग ‘बापूस’ आला. मग ‘कवळ’ आला, पेरणीआधी शेतात राब भाजायला झाडाचे डहाळे तोडून आणायचे तो. त्यावर मी ‘कवळी’चा विनोद केला होता, माझ्या मित्रांसमोर. उडवी आला. तू भाताच्या भाऱ्यांच्या ढिगाला म्हणालीस आणि मी पतंग उडवायचा अभिनय करून दाखवला.

कळलं ना? ज्या ज्या शब्दाला मी तुला अडवलं, तो तो मला आठवतोय. कुठं बोललीस, कुणासमोर, साडी कुठली होती, तुझा चेहरा कसा झाला, सगळं. मास्तरला मुलाचं बरोबर उत्तर लक्षात राहत नाही, चूक जन्मभर राहते. तुझी डिस्क गेली, पण माझ्या लाल शाईत तिची नक्कल राहून गेलीय. कसली नीच जागा बघ, पण तिथं शब्द आहेत.

मी ते लिहून काढतोय. तू केलं होतंस तसंच. शब्द, अर्थ जेवढा कळतो तेवढा, आणि आईच्या वाक्याच्या जागी तुझं वाक्य. चौथा रकाना ठेवलाय, त्यात मी काय बोललो ते लिहितो. तो नंतर खोडायचा का ठेवायचा ते तू ठरव. ‘प’ बराच भरलाय. ‘श’ही. ‘ल’ अजून रिकामा आहे, त्यात मी तुला कधी पकडलेलं दिसत नाही.

काल ‘ज’ला आलो आणि हात थांबला.

दिवाळीत तू निघालीस तो दिवस. सासूबाईंना झटका आल्याचा फोन आला होता, मी तुला स्टँडवर सोडायला आलो होतो. पोलादपूरची गाडी लागली. तू चढलीस, खिडकीतून माझ्याकडे न बघता म्हणालीस, "मी जातंय."

आणि मी, माझ्या जिभेला हाड नाही, खिडकीचा गज धरून काय म्हणालो? "जातंय नाही. जाते."

तू मान हलवलीस. गाडी गेली. मी घरी येऊन चहा केला.

दर्शना, आपल्याकडं घराबाहेर पडणारं माणूस ‘जातो’ म्हणत नाही. मुंबईला कायमचं निघालेलं पोरही उंबऱ्यात ‘येतो’ म्हणून निघतं. स्मशानाकडं निघालेलेसुद्धा घरातल्यांना ‘येतो’च म्हणतात. हे मी पहिलीच्या मुलांना शिकवलंय. तू आयुष्यात पहिल्यांदा मला ‘येते’ म्हणाली नाहीस. तू मला सांगत होतीस, आणि मी तुझं क्रियापद दुरुस्त केलं. शब्द ऐकलाच नाही.

‘ज’मध्ये तो लिहिलाय. चौथ्या रकान्यात माझं वाक्यही लिहिलंय, जसंच्या तसं.

उद्या तालुक्यात ‘आपली बोली, आपला ठेवा’ आहे. मी त्यांना कळवलं, दुसरा माणूस बघा. कारण विचारलं तर म्हटलं, मला त्यातलं काही येत नाही. त्यांना विनय वाटला.

भागोजी म्हणतोय गाडी खरंच चुकेल आता. हे पत्र त्याच्याबरोबर देतोय म्हणजे तुला आज मिळेल. उद्या सकाळच्या गाडीनं मी ही पानं घेऊन कापड्याला निघेन. अंगणातच थांबेन. सासूबाईंना ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं तिथूनच वाचेन, तसं माझ्या आवाजाला वर्गाची सवय आहे. घरात घ्यायचं की नाही ते तुझं. वाचताना माझे उच्चार चुकतील. शब्द चुकला की तिथल्या तिथं मला अडव, सगळ्यांसमोर.

मी येतंय.

अनिल